अर्ध्या हसण्याचे दिवस

समस्त सोयरे, शेजारी आणि इंदापूर तालुक्यातील सुज्ञ जनहो, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, माझ्या चेहऱ्याची डावी बाजू पूर्वसूचना न देता रजेवर गेली आहे.

ही घोषणा मी बारामतीच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येताच केली. ‘प’ आणि ‘ब’ ओठांतून निसटत होते, त्यामुळे ती फक्त नवऱ्याला कळली. हसावं की रडावं हे त्यांना ठरवता येईना.

सकाळी चूळ भरली, ती मोरीत न जाता माझ्याच खांद्यावर आली. चहा कोपऱ्यातून गळला. डावा डोळा मिटेना. आमच्याकडे याला ‘वारं गेलं’ म्हणतात, आणि ते ऐकूनच माणूस खचतो.

डॉक्टरांनी दोन्ही हात वर करायला लावले, मग भुवया. डावं कपाळ हललं नाही. “हा लकवा नाही, त्यात कपाळ सहसा हलतं. ही बेल्स पाल्सी आहे,” ते म्हणाले. म्हणजे चेहरा हलवणारी नस सुजते आणि अर्धा चेहरा थांबतो. बहुतेक लोक बरे होतात, पण गोळ्या लवकर सुरू व्हाव्या लागतात. कुणाचं तोंड असं वाकडं झालं, तर लकवा की आणखी काही हे घरी ठरवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उपचार सोपे होते. गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना पापणीवर पट्टी, आणि रोज आरशासमोर बसून तोंडाचे व्यायाम.

घोडं अडलं ते आरशापाशी. माझी लेक सोनल बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ घरात आल्या दिवशीच सासूबाईंनी सगळे आरसे उचलून माळ्यावर टाकले होते. मी डॉक्टरांचं नाव पुढं केलं.

“दात येऊस्तवर बाळाला आरसा दावायचा न्हाय,” त्या म्हणाल्या. “तुजं तोंड आमी बगतूय की.”

आता माझं खरं दुखणं सांगते. मी शाळेत शिक्षिका. पन्नाशीत मानसशास्त्राच्या एम.ए.ला बसले आहे. विषय, जन्मापासून म्हातारपणापर्यंत माणसाचं मन कसं घडतं. “नात झाली तरी मास्तरीणबाईंची परीक्षा सरंना,” हे सासूबाईंचं त्यावरचं मत. अभ्यासासाठी मी नातीचंच निरीक्षण करत होते. दीड-दोन महिन्यांचं बाळ समोरचा चेहरा पाहून हसू लागतं, त्याला सोशल स्माइल म्हणतात. झोपेतलं हसू वेगळं, हे माणसाला दिलेलं पहिलं उत्तर. ते उत्तर मलाच मिळणार, असं मी घरभर जाहीर केलं होतं. आणि ऐन वेळी माझ्याकडे प्रश्नच अर्धा उरला.

आरसा नाही, म्हणून मी नातीसमोर बसून व्यायाम करू लागले. भुवया उंच करायच्या, गाल फुगवायचे, ‘ई’ म्हणायचं, ‘ऊ’ म्हणायचं. नात टक लावून बघायची. जीभ बाहेर काढली की तीही काढायची. असा प्रेक्षक मला सबंध नोकरीत मिळाला नव्हता. पण हसायची मात्र नाही.

ती सोनलकडे बघून हसली. सासूबाईंकडे बघून हसली. दारावरून गाणी लावत कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला तरी हसली. माझी पाळी आली की गंभीर. वरवर मी विनोद करत होते, पण रात्री पापणीवर पट्टी लावण्याआधी पुस्तकातलं तेच पान पुन्हा पुन्हा उघडत होते. बाळ चेहऱ्याला हसतं, असं पुस्तक सांगत होतं, आणि माझा तर चेहराच जागेवर नव्हता.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना औषधाआधी हेच विचारलं. ते म्हणाले, “ती तुम्हाला अजून शिकतेय. वेळ द्या. नसेलाही द्या.”

मी वेळ दिला. पाहुणे शहाळी घेऊन बघायला यायचे, मी त्यांना वाकड्या तोंडाने नकला करून दाखवायचे. ते जाताना माझ्यापेक्षा आजारी दिसायचे.

मग एका सकाळी, नातीला अंघोळ घालून धुरी दिल्यावर, मी नेहमीचे गाल फुगवले. डावीकडून हवा फुस्सकन सुटली. नातीनं डोळे मोठे केले आणि तोंडभर, बोळकंभर हसली. माझ्याकडे बघून. मी पुन्हा फुस्स केलं, ती पुन्हा हसली. मीही खदखदून हसत सुटले. सोनल मोबाइल घेऊन धावली, नवरोबा चहा सोडून उठले, सगळ्यांचे डोळे बाळावर.

एका जिवाचे सोडून. घरातल्या सगळ्यात लहान माणसाचा अभ्यास करण्यात मी इतकी गुंतले होते की, सगळ्यात थोरलं माणूस इतके दिवस माझा अभ्यास करत होतं, हे मला दिसलंच नव्हतं. सासूबाई धुरीची पाटी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून एकदम निघून गेलं,

“आगं बया, आज तू आख्खी हासलीस.”