जुन्या देवळाचा कळस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या दातिवरे गावचे नाही. एवढंच.

आमच्या समुद्रात तेल शोधायला सर्वेक्षण आलं, तेव्हा मी त्यांच्याकडे कामाला होतो. ऑफिस बोईसरला, भाड्याच्या दोन खोल्यांत. आधी गुरुत्वाकर्षणाची मोजणी झाली होती. तिच्यात दिसलं होतं, की तळाखाली हलक्या गाळाचे थर बरेच जाड आहेत — आणि तेल असलं तर अशाच थरांत. आता जहाज येणार, मागे कित्येक किलोमीटर केबल ओढणार, पाण्यात दाबलेल्या हवेचे बार उडवणार, आणि खालून परतलेल्या आवाजावरून थर कसे वाकलेत ते बघणार. माझं काम? कोळ्यांच्या जाळ्यांच्या जागा नकाशावर मांडायच्या, म्हणजे जहाज तिथून लांब जाईल. फालतू वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

माझ्या मामाची जागा मीच मांडली. समुद्रात खुंट ठोकून तो डोल जाळं लावायचा. जागा ओळखायची ती किनाऱ्याकडे बघून — देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत बसला आणि किल्ल्याचा बुरूज ताडांआड गेला, की तिथंच. ‘जुन्या देवलाचा कळस हां,’ त्यानं बजावलं होतं. ‘नव्याचा नाय.’ मी वहीत लिहून घेतलं. नंतर होडीतून जाऊन जागा तपासायची होती. पण मला होडी लागते — कोळ्याच्या पोराला, हसा! — म्हणून मी खोलीत बसून नकाशावर पट्टी ठेवली. आणि कळस धरला नव्या देवळाचा.

वर मामाला फोन करून सांगितलं, तुझ्या जाळ्यावर जहाज येणार नाही, बिनधास्त जा.

त्या सकाळी समुद्र सपाट होता म्हणे. होडीच्या लाकडातून पायांना धप्प असं जाणवायचं. थोड्या वेळानं पुन्हा धप्प, दर वेळी जवळून. तरी मामा हलला नाही. का हलेल? भाच्यानं सांगितलं होतं ना! जाळं केबलमध्ये अडकलं, दोर सुसाट सुटला आणि त्याच्या मुलाची, नरेशची, उजव्या हाताची दोन बोटं घेऊन गेला.

मी वही उघडली. तिथं माझ्याच अक्षरात जुन्याचा कळस होता. ते पान फाडलं. चौकशीत म्हणालो, मामाचं वय झालंय, जागा त्यानंच चुकीची सांगितली.

सगळ्यांनी मानलं. नरेशनंही. त्यानं बापाच्या हातून सुकाणू काढून घेतलं.

आणि हे एवढ्यावर थांबलं असतं, तरी मी कदाचित गप्पच राहिलो असतो. एके दुपारी मामा बोईसरला आला. आत ये म्हटलं तर येईना. दारातच उभं राहून विचारलं, ‘मी तुला नव्या देवलाचा बोललो का रे? माझ्या ध्यानात तर जुन्याचाच हाय.’

त्याला एक ‘नाही’ हवं होतं. एक शब्द. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, ‘मामा, तू नव्याचाच म्हणालास.’

तो मान हलवून जिना उतरला.

आता तो दार लावलं का, आपण जेवलो का, हे मामीला तीनतीनदा विचारतो. गावात म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. गेलं नव्हतं. मी घालवलं.