तिसऱ्यांदा वापरलेले नर

रेशीमकिड्यांची अंडी तयार करणाऱ्या एका केंद्रात मी एकोणीस वर्षं काढली. मांजरी गावाहून दोन बस बदलून सकाळी साडेसातला तिथे पोचावं लागे, कारण पतंग पहाटेच कोषातून बाहेर पडतात आणि कुणासाठी थांबत नाहीत. मादी एका जागी बसून राहते. तिच्या वासावर नर पंख फडफडवत गोल गोल पळतात. उडता त्यांना येतच नाही. एकीभोवती चार-चार जण. एक जुळला तरी दुसरा बाजूने घुसत राहतो. मी जादाचे चिमटीत धरून उचलायची, दुपारी जोड्या हलक्या हाताने सोडवायची. पंखांची पूड नाकातोंडात जाई. पुढे खोकला लागला तो लागलाच.

एके वर्षी नर कमी निघाले. एरवी एक नर आम्ही फ्रिजमध्ये ठेवून दोनदा वापरायचो. साहेब म्हणाले, "तिसऱ्यांदाही वापरा."

"साहेब, ते दमलेत. पंखही हलवत नाहीत."

"अहो बाई, दमायला ते काय फाइली लिहितात?"

मी तेच नर पुन्हा फ्रिजमधून काढले. वाद घालायची ताकदच नव्हती.

नर नीट जुळला असेल तर अंडी दोन-तीन दिवसांत राखाडी होतात. यावेळी माद्यांनी कागदावर घातलेली निम्म्याहून अधिक अंडी पिवळीच राहिली.

साहेब म्हणाले, "तुमचं लक्ष नव्हतं."

"उद्या सकाळी तुम्ही बसा माझ्याशेजारी," मी म्हणाले. माझ्या तोंडून हे कसं निघालं, मलाच कळलं नाही.

ते खरंच आले. फ्रिजमधला एक नर त्यांनी स्वतः मादीजवळ ठेवला. अर्धा तास तो नुसता बसून होता. तेवढ्यात शेजारच्या ट्रेमधला ताजा नर कड ओलांडून आला, त्याला ढकलून मादीला जुळला. साहेब बघत राहिले. अकरापर्यंत त्यांनी नाकाला रुमाल लावला होता.

"हे रोज?" त्यांनी खोकत विचारलं.

"बारा वर्षं झाली."

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. पण तिसऱ्यांदा वापरणं बंद झालं आणि महिन्याभरात मास्क आले. माझा खोकला मात्र गेला नाही.

साहेब शेजारी येऊन बसले त्याच आठवड्यात, ऑफिसात बदली मिळावी म्हणून मी अर्ज लिहिला होता. द्यायचा कंटाळा आला. आणखी सात वर्षं तशीच गेली.