दाराची साक्ष

तिचं नाव वकीलपत्रावर असेल. मला ती आठवते ती लुगड्यात गुंडाळलेलं फळीचं दार डोक्यावर घेऊन आलेली. लातूरच्या कोर्टात मी गरीब भाडेकरूंच्या केसेस फी न घेता लढवतो. तिला हुसकायला घरमालकाने खोलीचं दारच उखडलं होतं, आणि वर ही महिन्यापूर्वी घुसलीय म्हणत होता.

"भाड्याची पावती?"

"कधी दिलीच न्हाई. हे बघा."

तिने लुगडं सोडलं. पोलिओचा डोस पाजायला येणाऱ्या बायांनी दारावर खडूने टाकलेल्या कितीतरी वर्षांच्या तारखा तशाच होत्या. दिवाळीत दार पुसताना ती तेवढा कोपरा सोडायची.

"कशाला जपल्या?"

"माझ्या लेकरांसाठी सरकार दारात आलतं, साहेब. पुसू कसं?"

सुनावणीला दार कोर्टातच उभं केलं. न्यायाधीशांनी खाली येऊन, वाकून तारखा वाचल्या. निकालापर्यंत तिला काढायचं नाही, दारही पुन्हा बसवू द्यायचं, असा हुकूम झाला.

ती परत दार उचलू लागली. मी म्हणालो, "डोक्यावर नका घेऊ."

"मग धरा एका बाजूनं."

सगळ्या वकिलांच्या देखत मी ते दार रिक्षापर्यंत नेलं. काळा कोट मला एवढा कधीच शोभला नव्हता.