आडवी शेपटी

मी समुद्र पाहिला तो एकदाच, आणि पाहण्याआधी तीन वर्षं मी तो बिनदिक्कत शिकवत होते. बाभुळगावच्या शाळेत विज्ञान आणि चित्रकला हे दोन्ही विषय माझ्याकडे. इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हणून मी सातवीच्या वर्गात भिंतीवर सहा फुटी डॉल्फिन रंगवला. पुस्तकातलं चित्र अंगठ्याएवढं आणि त्यातही शाई फुटलेली, शेपटीच्या जागी नुसता काळा डाग. मग शेपटी मी बेंबळा नदीतल्या रोहूची लावून दिली. उभी, झोकदार. साहेब खूश झाले आणि मी त्यांच्याहून जास्त.

त्याच चित्रापुढे उभी राहून मी एकदा सांगत होते की हा मासा दिसतो पण मासा नव्हे, याला श्वास घ्यायला घडोघडी पाण्यावर यावं लागतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरच्यांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, वडील जिनिंगमध्ये हमाली करत. पोरगी नदीकाठी तासन्‌तास बसून मासे बघायची.

"बाई," ती म्हणाली, "त्याले घडी घडी वर या लागते, तं शेपूट आडवं पायजे ना? मासा शेपूट इकडं-तिकडं हालवते, म्हनून तो बाजूले जाते. हा वर कसा येईन?"

प्रश्न सोन्यासारखा होता. पण मी नाकावर माशी बसू न देणारी बाई, त्यात चित्र माझं. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "तुझ्या बापानं कधी समुद्र पाहिला का?"

वर्ग खो खो हसला. ती खाली बसली. परीक्षा तिनं दिली, चांगल्या गुणांनी पासही झाली. पण शाळेच्या शेवटच्या दिवशी तिचे वडील हेडमास्तरांकडे आले आणि तिचा दाखला मागू लागले. पोरगी आता शाळेत येत नाही म्हणते, म्हणाले. कारकून रजेवर होता, म्हणून हेडमास्तरांनी त्यांना जूनमध्ये यायला सांगितलं. मी शेजारीच उभी होते. सगळं कळूनही मी हजेरीपटात डोकं घातलं.

त्याच सुटीत मी अंदमानला गेले. माझा मोठा भाऊ जंगल खात्यात होता. पांढरकवड्याच्या सागवानातून त्याची बदली थेट त्या बेटांवर झाली होती, आणि वहिनी पत्रातून सारखी बोलवत होती. धामणगावला गाडीत बसले, कलकत्त्याला जहाजात चढले आणि पुढचे चार दिवस समुद्र कसा दिसतो यापेक्षा पोटात काय काय होतं तेच मला जास्त कळलं.

पोर्ट ब्लेअरहून खात्याची एक लाँच बेटाबेटांवर शिधा पोचवायला जायची. दादानं मला आणि वहिनीला दोन दिवसांसाठी तीत बसवलं. मी चित्रांची वही घेतली. सकाळीच पांढऱ्या पोटाचा एक भला मोठा गरुड डोक्यावरून गेला आणि पाण्यातून लांबच लांब साप उचलून झाडावर जाऊन बसला. एका खडकावर बगळा दिसला, पण काळपट राखाडी. बगळा पांढराच असतो असंही मी शिकवत होते, ते आठवून हसू आलं. सुरय पक्षी मला ओळखीचा. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत अंडी घालतो. इथे त्याची शंभरेक भावंडं एका ठिकाणी पाण्यात सूर मारत होती आणि भांडत होती. किनाऱ्यावरच्या झाडीत एक कबुतर बसलं होतं. त्याच्या अंगावर हिरवी, तांबूस झाक अशी फिरे की मी वहीत तीनदा काढून तीनदा खोडलं. वहिनी म्हणाली, "कायले जीव काढून राह्यल्या? पाहून घ्या ना नुसतं!"

सुरयांच्या त्या गोंधळापाशीच डॉल्फिन आले. सात-आठ असतील. लाँचच्या पुढच्या टोकाखाली, आमच्या बरोबरीनं पळू लागले. मी कठड्यावरून अर्धी बाहेर वाकले. लाँच चालवणारा सारंग ओरडला, "बहनजी, झुकिए मत! गिरेंगी तो ये उठाके नहीं लाएँगे!" पण मला सरळ खाली बघायचं होतं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. पाठ वर येई, डोक्यावरचं भोक फुस्स करून उघडे, मिटे, आणि शेपटी खालीवर होई. वडे थापावेत तशी सपाट, आडवी शेपटी. दहा वेळा पाहिली. विसाव्या वेळीही ती आडवीच होती.

मी मटकन खाली बसले. वहिनीला वाटलं मला पुन्हा मळमळतंय, तिनं लिंबू पुढे केलं.

दुपारी एका उथळ खाडीत सारंगानं इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. पाण्याखाली गवताचं कुरण होतं आणि त्यात एक समुद्रगाय चरत होती, शेजारी तिचं पिल्लू. म्हशीच्या रेडकाएवढं ते गोल, तुकतुकीत पोर. आई सावकाश वर आली, तिच्या दोन नाकपुड्या उघडल्या, सुस्कारा ऐकू आला. पिल्लूही तिच्या पाठीला चिकटून वर आलं. त्यांच्याही शेपट्या आडव्याच. मला इतका आनंद झाला की डोळे भरले, आणि त्याच क्षणी मला माझी अतोनात लाज वाटली. त्या मुलीनं समुद्र न बघता, नदीकाठी बसून, डोकं चालवून हे सगळं ओळखलं होतं. आणि एखाद्या वकिलाच्या मुलीनं हाच प्रश्न विचारला असता, तर मी तिचा बाप काढला असता का? त्या लाँचवर बसून मी स्वतःला हे विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

शाळा उघडायच्या आत घरी पोचले आणि दुसऱ्याच दिवशी वही घेऊन तिच्या घरी गेले. मुलगी आतच राहिली. वडील कामावर गेले होते. आई अंगणात तूर पाखडत होती. मी तिला शेपट्यांची चित्रं दाखवली, तुमची पोरगी बरोबर होती म्हटलं, भिंतीवरचं चित्र आजच दुरुस्त करते म्हटलं.

तिनं चित्रं नीट पाहिली. मग सूप खाली ठेवलं.

"चित्राचं काय हो बाई, चुन्याचा हात मारला का झालं. तुमी माह्या मानसाले बोल्ल्या ते साऱ्या वर्गापुढं. अन् हे मले एकटीले काहून सांगून राह्यल्या? सांगाचं असन तं तिथंच सांगा."

शाळा उघडली त्या दिवशी मी त्याच मुलांपुढे, आता आठवीच्या वर्गात, उभी राहिले. वर्ग भरला होता आणि दारात त्या मायलेकी उभ्या होत्या. वडील दाखल्यासाठी हेडमास्तरांच्या खोलीबाहेर बसलेले.

मी म्हटलं, "डॉल्फिनची शेपटी आडवी असते. मी चुकीची काढली होती, आणि हिनं मला ते सांगितलं होतं. ती माझी चूक. पण हिच्या वडिलांबद्दल मी जे बोलले ती चूक नव्हती, तो माझा हलकटपणा होता. त्याची मी माफी मागते."

कुणी हसलं नाही. पुढे काय बोलायचं ते मी ठरवलंच नव्हतं, म्हणून खाडीतल्या समुद्रगाईचं सांगू लागले. ती पिल्लाला दूध पाजते, इथपर्यंत आले तोच दारातून आवाज आला. मुलीचा नव्हे, आईचा.

"पान्यात? मंग त्या लेकराच्या नाकातोंडात पानी नाई जात?"

"या," मी म्हटलं, "आत येऊन बसा, सांगते."

तिनं वर्गाकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेक आत आली, मागच्या बाकावर बसली आणि भिंतीकडे सरकली. माय पदर सावरून तिच्या शेजारी बसली. शाळेच्या बाकावर ती त्या दिवशी पहिल्यांदा बसली, हे तिनंच मला पुढे सांगितलं.