शोऱ्याचं गार सरबत

आमच्या अक्काचं लग्न माझ्या विज्ञानामुळं जमलं. हे वाक्य मी अक्का घरात नसतानाच बोलतो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या बेंबळी गावात वैशाख नुसता पेटलेला, अन् लोहाऱ्याचे पाहुणे अक्काला बघायला यायचे होते. मुलगा अक्कानं एका लग्नात पाहिला होता आणि तो तिच्या मनात भरला होता. नड होती त्याच्या वडिलांची! हैदराबादेत नोकरी करून आलेला माणूस, बर्फाच्या पाण्याची सवय. पाणी कोमट दिलं म्हणून मागं एका घरातून उठून आला होता म्हणे.

आमच्या वडिलांच्या, आबांच्या, सकाळपासून अंगणात येरझारा चाललेल्या. "आता बर्फ कुठनं आणावं गा?"

"आबा, मी हाय की!" (हे ऐकलं की आमच्या घरात लोक आधी भांडी आवरतात.)

मी मॅट्रिकला होतो. उर्दू शाळेत मास्तरांनी घोकून घेतलेलं, 'बाज चीजें पानी में गर्मी देती हैं, बाज गर्मी लेती हैं.' म्हणजे काही वस्तू पाण्यात उष्णता देतात, काही घेतात. चुनकळी देते, बंदुकीच्या दारूतला शोरा घेतो. "परातीत शोरा कालवायचा, मधी सरबताचा तांब्या ठिवायचा. बर्फ झक मारंल!"

"नक्की का रे?" अक्का म्हणाली. "माजा जीव टांगणीला लागलाय."

"किताबात लिव्हलंय!"

आबांनी शोरा आणून फडताळात ठेवला. तिथंच भिंती रंगवून उरलेल्या चुनकळीचं गाठोडं होतं. पाहुणे ओट्यावर टेकले अन् माझ्या अंगात वारं शिरलं. धावलो, हाताला लागलं ते गाठोडं सोडलं. दोन्ही नावं तोंडपाठ, डोळ्यांनी मात्र एकही पाहिलेलं नव्हतं! पांढरे खडे दिसले, परातीत ओतले, मधे झाकण लावून तांब्या ठेवला आणि वर घागरभर पाणी सोडलं.

परात फसफसली.

"बघ, थंडी चढायलीय!"

"अरं, वाफ यायलीय!" अक्का म्हणाली.

"बर्फातनं बी येती वाफ," मी म्हणालो आणि खात्री करायला तांब्याला हात लावला. "आई गं!" चुना रटरटत होता अन् आत लिंबाचं सरबत खदखदत होतं!

ओट्यावरून आवाज आला, "सरबत व्हतंय न्हवं? घसा वाळला."

"आलं, आलं!" आबा ओरडले. "गार व्हायलंय!"

अक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मुडद्या, माजं लगीन उकळलंस की रं!"

मी खाली मान घालून बोटं चोखत उभा. तिनं डोळे पुसले, फडक्यानं तांब्या उचलला, बाहेरचा चुना स्वच्छ धुतला, आत चहाची पूड टाकली, गाळून तो चहा कपबशीत ओतला आणि पदर सावरून स्वतःच बाहेर गेली.

पाहुण्यांनी घोट घेतला. आबांनी डोळे मिटले.

"वाहवा! बिनदुधाचा, लिंबाचा सुलेमानी चहा!" मुलाचे वडील खुशीत ओरडले. "हैदराबाद सोडल्यापास्नं असा प्यालो न्हाय. कुणी केला?"

"मी," अक्का पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली. (माझी बोटं दारामागं अजून भाजत होती!)

सुपारी तिथंच फुटली. पुढं मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. उष्णता कोण देतं, कोण घेतं, हे पोरांच्या पिढ्यांना समजावलं. अक्का मात्र आजही माझ्या हातचं माठातलं पाणी आधी बोट बुडवून बघते, मगच पिते.