साहेबांचे बिघडलेले पंखे

बडोद्यात दिघेसाहेबांकडे जायचं मी चौदा वर्षं टाळत होते. त्यांना एक प्रश्न विचारायचा होता आणि उत्तराची धास्ती होती. शेवटी दिवाळीनंतर तिकीट काढलंच.

वसईहून बोरिवलीला येऊन सकाळची गाडी धरलीत, तर जेवायच्या वेळेला बडोदे. उतरल्यावर आधी सेव-उसळ खा. पंधरा रुपयांत पोट भरतं. तर्री मात्र बेतानं मागा, मी नाक पुसत उठले. पुढे शेअर रिक्षानं पाणीगेट, माझं माहेर.

पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, बाबा मात्र गिरणी बंद पडल्यावर घरीच. तेव्हा मी बेरोजगार तरुणांच्या सरकारी योजनेत पंखे दुरुस्त करायला शिकले. शिकवायला दिघेसाहेब. सहा महिने विद्यावेतन मिळालं, शेवटी सर्टिफिकेट, आणि सातव्या महिन्यात घरात पुन्हा तीच ओढाताण. कागदावर मात्र मी रोजगाराला लागले होते.

मग साहेबांकडून पंखे येऊ लागले. प्रत्येकाचा बिघाड एकच, कंडेन्सरची वायर सुटलेली. दुरुस्त झालेले पंखे न्यायला महिना महिना कुणी यायचं नाही. ते दारात दिसले म्हणून शेजारी आपापले आणू लागले आणि आमचं घर तरलं. पण मनात कायम सलायचं: माझ्या हाताला खरंच किंमत होती, की साहेबांना माझी दया आली होती?

कारेलीबागेतल्या घरी साहेब झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

"आव, वैशाली, बेस."

पाणी पिऊन मी थेट विचारलं, ते पंखे खरंच बिघडले होते का.

"बिघडले होते ते," एवढंच बोलून त्यांनी पेपर वर धरला.

काकूंना, साहेबांच्या पत्नीला, हसू आवरेना. "सगळे एकदम? अगं, त्या उन्हाळ्यात आम्ही अगाशीत, वर गच्चीवर निजायचो. घरात पंखाच नव्हता, सगळे तुझ्याकडे!"

"हात चांगला बसला होता तिचा," साहेब पेपराआडून म्हणाले. "फक्त घराक नव्हते, गिऱ्हाइकं."

मला रडूच आलं. काकूंनी बळेच जेवायला बसवलं.

वसईला परतून आठवडा झाला. योजनेला मी नावं ठेवणार नाही, काम तिनंच शिकवलं. पण विद्यावेतन थांबल्यापासून पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंतचा उन्हाळा कुणालातरी सोसावा लागतो. माझा साहेबांनी आणि काकूंनी सोसला.

काल शबानाचा फोन आला. अशाच योजनेतून माझ्याकडे शिकून गेलेली. काम मिळत नाही म्हणाली. मी स्टूल घेतलं आणि बैठकीतला पंखा उतरवला.

"चांगला चालतोय की तो," नवरा म्हणाला.

"बिघडलाय," मी म्हटलं, आणि वायर सोडवली.