मार्थाताईंचं देवाशी भांडण

त्या सकाळी फोन आला तो शेजारच्याच घरातून. मार्थाताईंचा शमू बोलत होता, "काकू, किचनमध्ये कायतरी पडलं, आणि आई ओ देत नाहीये. चावी घेऊन या ना... लवकर." माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं, तेव्हा मार्थाताई ओट्याशी पडल्या होत्या आणि शमू पलंगावरून घसरून, हातांच्या जोरावर सरपटत त्यांच्यापर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. महिना उलटून गेला, पण ते दार अजून रोज माझ्यासमोर उघडतं...

मार्थाताई नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या, मी साताऱ्याची. सानपाड्याच्या सोसायटीत शेजारी राहायला आलो, आणि दिवाळीचा फराळ तिकडे, नाताळच्या करंज्या इकडे करता करता मैत्रिणी झालो. त्यांचा नवरा लवकर गेला. दवाखान्यात नर्सची नोकरी करून त्यांनी एकुलत्या एका शमुवेलला वाढवलं. तो उरणला कंटेनर यार्डात कामाला लागला आणि एके दिवशी ट्रेलरवरून पडला. कंबरेखालचं सगळं गेलं. मग त्याला कुशीवर वळवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून जपणं, हेच मार्थाताईंचं आयुष्य झालं. एकदा कुणाच्या तरी ओळखीनं एक प्रार्थना करणारे गृहस्थ आले. शमूच्या पायांवर हात ठेवून त्यांनी मोठमोठ्यानं प्रार्थना केली. पाय हलले नाहीत, तसे म्हणाले, "बाई, तुमचा विश्वास कमी पडतोय." मार्थाताईंचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "माझा विश्वास मोजायला तुम्हाला कुणी बोलावलं नाही. चहा झालाय. घ्या आणि निघा." ते गेल्यावर मात्र त्या कितीतरी वेळ भिंतीला धरून उभ्या होत्या.

त्यानंतर शमूनं जेवण टाकलं. "आई, तुझ्या देवाला सांग, मला ने." मी भाजी द्यायला गेले होते, दारातच थबकले. वाटलं, आता या रडतील, नाहीतर उपदेश करतील. त्या त्याच्या पलंगावर टेकल्या. "मी पण भांडते रे त्याच्याशी. क्रुसावर प्रभूनंही बापाला 'मला का सोडलंस' म्हणून जाब विचारलाच होता. पण भांडायला तरी समोर कुणी लागतं ना? मी त्यालाही सोडणार नाही आणि तुलाही. घास घे." शमूनं तोंड फिरवलं. ताट धरून त्या तशाच बसून राहिल्या. भात गार झाला, हात अवघडला... शेवटी चिडूनच त्यानं तोंड उघडलं.

मार्थाताईंच्या दफनाच्या वेळी चर्चचे पाळकसाहेब पुनरुत्थानाच्या आशेबद्दल बोलले. माती द्यायला शमूची चाकाची खुर्ची पुढं नेली, पण त्याची मूठ उघडेना. मीच हळूहळू बोटं सोडवली.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "काकू, मला चर्चला न्याल?" अपघातानंतर तो तिथं गेलाच नव्हता. मंडळीतल्या लोकांनी खुर्ची उचलून पायऱ्यांवरून वर नेली. तो गायला नाही, प्रार्थनेला डोळेही मिटले नाहीत. फक्त विचारलं, "आई कुठं बसायची?" एका बाईंनी दाखवलं. दाराजवळच्या शेवटच्या बाकाचं टोक. घरून शमूचा फोन आला तर चटकन उठता यावं म्हणून. परतताना तो म्हणाला, "माझा विश्वास बसला, असं समजू नका हां."

"नाही समजत," मी म्हटलं.

तरी आता दर रविवारी जातो. परवा पाळकसाहेबांनी विचारलं, "शमुवेल, पुढं बसतोस का?"

"नको. इथंच बरं आहे." त्यानं बाकाच्या त्या टोकावर हात ठेवला, आणि उपासना संपेपर्यंत उचलला नाही.